मंगलीनं पाय पुढं केला

आमच्याकडं मामा भाचीच्या पाया पडतो. हे ऐकून बाहेरची माणसं हसतात. हसा बापा! पण आमच्याकडं भाचा-भाची म्हणजे देव. मामा मिशीवाला असो, सरपंच असो, भाची दारात आली की त्यानं वाकायचं. चुकून धक्का लागला तरी वाकायचं. माझे बाबा तळ्यावरून डोक्यावर झिंग्यांची टोपली घेऊन येतात. दारात त्यांचा पाय मंगलीच्या पायाला लागला, तर आधी टोपली खाली ठेवतात, तिच्या पायाला हात लावतात, तो हात कपाळाला लावतात आणि मग टोपली उचलतात. तोवर झिंग्यांचं पाणी पुढच्या छपरीभर होतं आणि आई ओरडते, तो भाग वेगळा.

आणि मंगली? सहा वर्षांची, पुढचे दात पडलेली. हे सगळं होईपर्यंत ती अजिबात हलत नाही. कोर्टातल्या जजसारखी उभी राहते. मग म्हणते, "जा आता."

मंगली माझी आतेबहीण. करिष्मा आत्याला दुसरं बाळ होणार होतं आणि डॉक्टरांनी तिला आधीच गडचिरोलीला दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. तिच्या घरचे सगळे तिकडं, म्हणून मंगली आमच्याकडं. आमचं गाव सावली गावाच्या अलीकडं, फाट्यापासून आत. संध्याकाळी गडचिरोलीची बस फाट्यावर हॉर्न मारते तो आमच्या छपरीत ऐकू येतो. तो ऐकला की मंगली हातातलं सगळं टाकून विचारायची, "आई आली?" आजी सांगायची, "आज नाई बाई. बाळ घेऊन येन ना थे." मग मंगली परत आपल्या कामाला. रडायची नाही, पण रोज विचारायची.

अशात आमच्या गावात फिल्म आली!

म्हणजे प्रिया ताई आली. ती पुण्याला सिनेमा शिकते. दिवाळीनंतरची आमची मंडई, म्हणजे रात्रीच्या नाटकाची जत्रा, बघायला ती आली होती, आणि मंडईच्या नाटकात तिनं बाबांना पाहिलं. बाबांचं नाव देवानंद, पण रोल कायम व्हिलनचे. त्यांनी स्टेजवर "अरे हरामखोरा!" म्हटलं की शेवटच्या रांगेतली पोरं आईच्या पदरात घुसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं त्याच व्हिलनला तळ्याच्या पारावर जाळं सोडवताना पाहिलं, खांद्यावर मंगली, आणि मंगली त्यांचे केस धरून "हाट घोड्या" करत होती. ताईनं तिथंच ठरवलं. हेच दोघं.

फिल्म छोटीच होती. एक ढिवर, म्हणजे मासे धरणारा, आणि त्याची लहान मुलगी. बाप दारू पिऊन घरी येतो, ती वाट बघत ताट वाढून बसलेली असते, तो ताट लाथाडतो, तिच्यावर हात उगारतो, ती रडत पळून जाते. ताई गोष्ट सांगून गेली तेव्हा आजी लसूण सोलत होती. तिचा हात थांबला.

"भाचीवर हात उगारशीन? पाप लागते बाबू."

"माय, नाटक होय ना थे," बाबा म्हणाले.

"नाटकातली भाची दुसऱ्याची राहते. हे तुही सख्खी होय."

ताईला ती बापलेकच वाटत होती. आम्हीही काही बोललो नाही. फिल्ममध्ये यायचं म्हटल्यावर कोण कशाला नात्याचा हिशेब सांगत बसतं!

माझं काम मंगलीला सांभाळायचं. हसू नका, मोठं काम होतं. यंदा पंधरा ऑगस्टला मी शाळेत पहिल्यांदा माईकवर बोलले. त्याआधी मी वर्गात हजेरी पण हळू देत होते. त्या दिवशी माझा आवाज पटांगणाच्या पलीकडं तळ्यावर जाऊन आपटून परत आला, आणि मला तो इतका आवडला, इतका आवडला की तेव्हापासून मी थांबलेच नाही. ताई म्हणाली होती की फिल्मच्या शेवटी नावं येतात त्यात माझंही नाव येईल, दामिनी. हे मी सगळ्या दहावीला सांगून ठेवलं होतं. सरांनाही.

बाकीचं सगळं छान झालं. तळं झालं, जाळं झालं, धानाच्या बांधीतून बापलेकीचं चालणं झालं. राहिला तो एकच सीन, ताटाचा. तो आमच्याच छपरीत होता. कॅमेरा भाड्याचा होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाणार होता. ताईला मावळतीचा उजेड हवा होता आणि थंडीच्या दिवसांत तो आमच्याकडं लवकर पळतो. म्हणजे झाला तर आज, नाहीतर नाही.

बाबांनी बाटलीतला कोरा चहा दारूसारखा प्यायला, झोकांड्या खात आले, आणि काय आवाज लावला! "जेवन कुठी हाय व!" समोरच्या घरची म्हातारी दारात आली. बाबांनी ताट लाथाडलं, ताट खणखणत गेलं, भात उडाला. आणि त्यांच्या पायाचं बोट मंगलीच्या पायाला लागलं.

लागल्याबरोबर बाबा वाकले. पायाला हात, कपाळाला हात.

"जा आता," मंगली म्हणाली.

"कट!" ताई ओरडली. "काका, हे काय?"

"सवय होय ना बाई," बाबा लाजून म्हणाले. "भाची होय थे."

तेव्हा कुठं ताईला नातं कळलं, आणि मंगलीची आई बाळासाठी दवाखान्यात आहे तेही. तिनं डोक्याला हात लावला. पण हसली.

दुसऱ्यांदा बाबांनी ताट पार उखळाकडं उडवलं. पाय नाही लागला. हात उगारला, त्यात कोपर मंगलीच्या केसांना लागलं. वाकले. तिसऱ्यांदा काहीच लागलं नाही, तरी वाकले.

"आता काऊन, बाबा?" मी विचारलं.

"मनात लागलं," बाबा म्हणाले.

छपरीबाहेर अर्धं गाव जमलं होतं. सगळे खो खो हसत होते. मंगली तर पोट धरून हसत होती. आता तिला रडवणार कोण? ताट पुन्हा वाढायचं, भात पुन्हा उडायचा, आमच्या कोंबड्यांची दिवाळी. भिंतीवरचं ऊन चढत चढत छपराच्या कवेलूपर्यंत आलं.

ताईचं हसणं थांबलं होतं. तिच्यासोबत नागपूरचा अजय होता, कॅमेऱ्याचं आणि बाकी सगळं बघायचा. तो तिला घेऊन घरामागच्या वाडीत गेला. मी तिथंच कुडाच्या कुंपणाजवळ पांढरा थर्माकोल धरायला उभी होते, उजेड फिरवायला. मला ऐकू येत होतं.

"एकच मार्ग आहे," अजय म्हणाला. "पोरीला सांगू, तुझ्या आईला नवं बाळ मिळालं, आता ती तुला न्यायला येणार नाही. ढसाढसा रडेल. मी कॅमेरा आधीच चालू ठेवतो. नंतर सांगून टाकू की गंमत केली. चॉकलेट देऊ."

ताई उन्हाकडं बघत होती.

"सगळे असंच करतात, प्रिया. लहान मुलांकडून दुसरं कसं काढणार?"

"एकदाच ना?" ताई म्हणाली.

"एकदाच."

"नाई!" मी म्हणाले.

माझा तो पंधरा ऑगस्टचा आवाज होता. कोंबड्या फडफडत कुडावर चढल्या. दोघंही दचकले. मी पण दचकले, पण थर्माकोल सोडला नाही.

"दामिनी, ऐक," ताई म्हणाली.

"ताई, थे रोज बस ऐकते. रोज. हॉर्न वाजला का विचारते, आई आली? तुम्ही पण पाह्यलं ना. तिले हे सांगाल तर थे उद्या हॉर्न ऐकून काय करन?"

"नंतर खरं सांगणारच आहोत," अजय म्हणाला.

"मंग ते खरं, हे तिले कसं कळन? एकदा मोठ्यानं खोटं सांगलं, मंग दुसऱ्यांदा काऊन विश्वास ठेवन?"

"मग फिल्म होणार नाही," अजय म्हणाला. रागानं नाही, थकून. "तुला चालेल?"

नव्हतं चालणार! शेवटची नावं, दहावीचा वर्ग, सर, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी "चालन" म्हणाले, पण त्या वेळी माझा आवाज पटांगणभर नव्हता. कुडाच्या पलीकडंही गेला नसेल.

तेवढ्यात बाबा आले. अंगात दारुड्याचा फाटका सदरा, हातात चहाची बाटली. माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, "का झालं बेटा?" मी सांगितलं. बाबांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"मॅडम," ते म्हणाले, "तिच्या मायबद्दल खोटं नाई बोलाचं. बाकी तुमी सांगान थे करतो. डोक्यावर उभा राहा म्हणान त राहीन."

ताई वाडीतल्या दगडी पाटीवर बसली, जिच्यावर आई कपडे धुते. मग म्हणाली, "अजय, राहू दे."

"आणि सीन?"

"माहीत नाही," ती म्हणाली.

मला तिचं ते 'माहीत नाही' फार आवडलं. मोठी माणसं सहसा म्हणत नाहीत.

मग मी माझं काम केलं. मंगलीला मांडीवर घेतलं आणि सगळं खरं सांगितलं. आधी कोणी सांगितलंच नव्हतं! तिला फक्त 'इथी बस, तिथी बघ' एवढंच माहीत होतं.

"हे नाटक होय. मामा दारू पेला नाई, चहा पेला. हुंगून पाह्य."

तिनं बाटली हुंगली. "साखर नाई यात," ती म्हणाली.

"आता तू मामा हो. ओरड त्याच्यावर."

हे तर तिला फारच आवडलं. बाबांचा सदरा तिच्या घोट्यापर्यंत आला. झोकांड्या खात आली, कमरेवर हात ठेवले, आणि "जेवन कुठी हाय व! झिंगे काऊन नाई केले व!" म्हणत ताटाला लाथ मारली. ताट हललंही नाही. बाबा भिंतीशी अंग चोरून बसले आणि असं भोकाड पसरलं, मंडईचं भोकाड, की आजी लसणाच्या टोपलीवर वाकून हसायला लागली. "नको मारू व माय, नको मारू!" मंगलीनं त्यांच्या डोक्यावर टपली मारली. मग एकदम थांबली आणि जवळ जाऊन त्यांचे डोळे बघितले. कोरडे होते.

"खोटं खोटं रडते हा," तिनं मला सांगितलं.

"हाव. आता मामाची पाळी. तो ओरडन, ताट लाथाडन. ताई कट म्हणन तवर तो तुया मामा नाई. कट म्हटलं का पुन्हा मामा."

"अन् पाया?"

"कट म्हटल्यावर पडन."

मंगलीला हे फारसं पटलं नव्हतं. कपाळाला आठी घातली. "मी का करू? रडू?"

मी ताईकडं पाहिलं. ताईनं मान हलवली, नको.

"तुले जे वाटन थे कर," मी म्हणाले.

आजीनं भांड्यातला शेवटचा भात ताटात वाढला. ऊन आता फक्त छपराच्या वरच्या बल्लीवर होतं आणि तिथून खाली थोडं लाल सांडलं होतं. अजय कॅमेऱ्याला डोळा लावून बसला. कोणी हसत नव्हतं.

बाबा आले. या वेळी ते ओरडलेच नाहीत फारसे. घशातून बोलले, "जेवन कुठी हाय," आणि मला माझ्याच घरात थोडी भीती वाटली. ताट उडालं. भात मंगलीच्या फ्रॉकवर, बाबांच्या केसांत, सगळीकडं. आणि त्यांचा पाय मंगलीच्या पायाला लागला. चांगलाच लागला.

बाबांची पाठ हलली. मी बघितलं, वाकायला निघाली होती. पण त्यांनी ती धरून ठेवली. उगारलेला हात तसाच वर. डोळे तसेच लाल, दारुड्याचे.

मंगली रडली नाही. तिनं भाताकडं पाहिलं. आपल्या पायाकडं पाहिलं. मग बाबांकडं. ती वाट बघत होती. ताई कट म्हणत नव्हती, बाबा वाकत नव्हते, आणि मंगलीच्या हिशेबात हे काही बसत नव्हतं. पाय लागला म्हणजे लागला.

तिनं फ्रॉक दोन्ही हातांनी थोडा वर धरला आणि उजवा पाय पुढं केला.

एवढंच. पाय पुढं, हनुवटी वर, आणि वाट बघत उभी. एक कोंबडी आत आली, तिच्या पायाजवळचा भात टिपायला लागली. तिलाही कोणी हाकललं नाही.

बाबांचा हात खाली आला. मी त्यांना मंडईत रडताना, मरताना, राजा होताना पाहिलंय, पण हे तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. ते दारुड्याचं होतं की माझ्या बाबांचं, मला आजही सांगता येत नाही. ते वाकले नाहीत, गुडघ्यातून खाली बसलेच. भिंत खचते तसे. त्या छोट्या पायाला हात लावला, हात कपाळाला नेला, आणि कपाळावरून काढलाच नाही.

मंगली तशीच उभी राहिली. मग त्यांच्या केसांतलं एक शीत काढलं, कोंबडीला टाकलं, आणि म्हणाली,

"जेव आता."

तेवढ्यात फाट्यावर हॉर्न वाजला. मंगलीची मान गर्रकन वळली. "आई आली?" आणि ती कॅमेऱ्यासमोरून सुसाट पळाली, अंगणात, कुडाच्या फाटकाशी. बाबा तिकडं बघत तसेच बसून राहिले.

"कट," ताई खूप उशिरा म्हणाली. इतक्या हळू, की माझी जुनी हजेरी.

आत्या त्या बसला नव्हती. आजीनं नेहमीसारखं सांगितलं, "आज नाई बाई," आणि मंगली नेहमीसारखी परत आली. येऊन आधी बाबांना म्हणाली, "कट झालं. आता खरं पड." बाबा पुन्हा पडले. आता हिशेब जमला.

"ती रडलीच नाही," अजय म्हणाला.

"नाही ना," ताई म्हणाली. तिचं नाक लाल झालं होतं.

"पण लोकांना कळेल का? फिल्ममध्ये तो बाप आहे. बाप मुलीच्या पाया पडतो?"

"काऊन नाई कळन?" आजी आतून म्हणाली. "पाय लागला त पडाचं. त्याले का कॉलेज लागते बाबू?"

अजय हसला. मग त्यानं ती काळी-पांढरी पाटी असते ना, सीनच्या आधी वाजवतात ती, मंगलीच्या हातात दिली. तिनं रात्रीच्या जेवणापर्यंत वाजवली. बाबा म्हणाले, ताट परवडलं.

ताई गेली. फिल्म तयार व्हायला अजून वेळ आहे म्हणे. शेवटच्या नावांत माझं नाव काय म्हणून येणार, ते मी विचारलं नाही, पण येणार आहे! दहावीला पुन्हा सांगून ठेवलंय.

आणि मग एका संध्याकाळी हॉर्न वाजला, मंगलीनं विचारलं, "आई आली?" आणि आजी म्हणाली, "चाल, पाहू." आम्ही सगळे फाट्यावर गेलो. बसमधून करिष्मा आत्या उतरली, हळूहळू, छातीशी मोठ्या दुपट्ट्याचं गाठोडं. मंगली तिच्या मांड्यांना अशी जाऊन धडकली की आत्या "हळू व, हळू व" करत हसायला लागली आणि रडायलाही. मंगली मात्र तिचं लुगडं धरून उभी राहिली. सोडेचना.

बाबा पुढं झाले. दुपट्टा बाजूला केला. आतून एक पाय निघाला, मरळीच्या पिल्लाएवढा, लालबुंद. भाचा होता. बाबा हात पुसून वाकायला लागले.

"थांब," मंगली म्हणाली. आईचं लुगडं एका हातात तसंच घट्ट होतं. तिनं पाय पुढं केला. "आधी माह्या."

बस अजून उभी होती. कंडक्टर दारात लटकून बघत होता. बाबा फाट्यावरच्या धुळीत खाली बसले, आधी तिच्या पाया पडले, मग त्याच्या.

"जा आता," मंगली बाळाला म्हणाली.